गीतकार : हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही

दोन महिने एकही भाग आला नाही म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मेसेज केले, एकाने तर "दादा, पॉडकास्ट बंद केला का, परभणी सोडली का?" असंही विचारलं. दोन्ही नाही. मी रेकॉर्ड संपवत होतो. सात गाणी, एकूण ३१ मिनिटं, आणि त्यासाठी लागली तीन वर्षं. हिशोब लावू नका, मी लावलाय, वाईट वाटतं.

आज खरं तर मी रेकॉर्ड कशी झाली ते सांगणार होतो. माईक कुठला, मिक्सिंग कसं, वगैरे. पण शेवटच्या दिवशी एका फॉर्मवर अडकलो आणि त्या एका रकान्याच्या मागे लागून मला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागलं. काही ठिकाणी तर सातशे. म्हणून आजचा भाग इतिहासाचा आहे.

आधी खोली सांगतो. जिंतूर रोडला आमचं घर आहे, त्याच्या वरच्या खोलीत माझा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक माईक आणि भिंतींना टांगलेल्या मायच्या सहा गोधड्या. आवाज घुमू नये म्हणून गोधडीसारखं दुसरं काही नाही, हे मी पैसे नसल्यामुळे शिकलो. अडचण एकच होती. शेजारी पिठाची गिरणी आहे. ती सकाळी आठ ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ चालते, आणि चालते तेव्हा गोधड्याच काय, भिंतीसुद्धा थरथरतात. त्यामुळे ही अख्खी रेकॉर्ड रात्री साडेनऊनंतर झालेली आहे.

पाचव्या गाण्यासाठी मी मावशीला गावाहून बोलावून घेतलं होतं. ते गाणं ओवीचं आहे, जात्यावरच्या ओवीचं. मावशी संध्याकाळी सहालाच तयार होऊन बसली आणि मी म्हटलं, थांब, गिरणी बंद होऊ दे. ती हसायला लागली. म्हणाली, "गिरणी आली म्हणून तर जातं गेलं, अन् आता तू मला गिरणी बंद व्हायची वाट पाहायला लावलास व्हय रे?"

ते गाणं कशावर उभं आहे ते ऐका.

(इथे ४७ सेकंदांची क्लिप.)

ही माझी आजी. २०१३ साली एका साध्या की-पॅडच्या मोबाईलवर मी हे रेकॉर्ड केलं होतं. तेव्हा मला संगीतातलं काहीही कळत नव्हतं, नवीन मोबाईल होता म्हणून केलं. मागे जी घरघर येते ते जातं आहे. आजी तेव्हा हळद दळत होती. गव्हा-ज्वारीचं दळण गिरणीत जायचं, पण हळद ती घरीच दळायची, गिरणीतल्या हळदीला दुसऱ्याच्या मिरचीचा वास येतो म्हणायची. ४७ सेकंदांत दीड ओवी बसली आहे. दुसरी अर्धी राहिली, कारण मोबाईलची मेमरी भरली.

तर पाचवं गाणं असं आहे. सुरुवातीला आजीची क्लिप, मग मावशी तीच ओवी पुढे नेते, आणि शेवटी मी रचलेल्या दोन ओव्या, गिरणीवरच्या. क्लिकच्या ठोक्यावर मावशीला गाता येईना, म्हणून शेवटी तिच्यासमोर एक रिकामं जातं ठेवलं. खुंटा हातात आला आणि गळा सुटला. दाणे कमी झाले की जातं हलकं होतं, लय आपोआप वाढते, आणि मूठभर वैरण घातली की परत जड होते. ती चढउतार मी तशीच ठेवली आहे.

आता फॉर्म. तुम्ही स्वतः गाणी टाकत असाल तर माहीत असेल. आपल्यासारखे लोक थेट स्ट्रीमिंगच्या ॲपवर गाणं टाकू शकत नाहीत, मध्ये एक डिस्ट्रिब्युटर लागतो. तो प्रत्येक गाण्याची माहिती भरून घेतो. गायक, निर्माता, भाषा, आणि गीतकार-संगीतकार, पहिलं नाव आणि आडनाव, खरं नाव, टोपणनाव चालणार नाही. पाचव्या गाण्याशी आलो आणि तो रकाना रिकामा सोडला. लाल अक्षरं आली. हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

मी मावशीला फोन लावला. रात्रीचे अकरा वाजले होते. "मावशे, ती ओवी कुणाची गं?"

"कुणाची म्हंजी?"

"म्हणजे रचली कुणी?"

"तुही आजी म्हणायची. तिची सासू म्हणायची. म्या म्हणते. आता तू बी म्हणायलास की. झोप आता."

झोप कसली. फॉर्ममध्ये चार नावं टाकायला जागा होती, पण मावशीच्या उत्तरातली बाई चौथ्या पिढीच्याही मागे कुठेतरी होती.

गाण्याखाली नाव लिहायची ही पद्धत आली कुठून, ते बघू. भारतात व्यापारी रेकॉर्डिंगची मोठी सुरुवात नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गाइसबर्ग नावाचा माणूस पाठवला होता, त्याने एका हॉटेलात यंत्रं मांडून गौहर जानचा आवाज घेतला. त्या काळच्या तबकड्यांवर साधारण तीन मिनिटं मावायची. आणि त्या तीन मिनिटांच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव ओरडून सांगते. ऐकलं नसेल तर जरूर ऐका, मजा येते. त्यात नखरा आहेच, पण कारण कामाचं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिराला ठुमरी कळणार नाही, बाई कोण ते कळणार नाही, लेबल कुठलं चिकटवायचं ते कळणार नाही. म्हणून गाण्यातच नाव भरून पाठवायचं. आज आपण ज्याला मेटाडेटा म्हणतो तो त्या वेळी गायिकेच्या तोंडून आला.

आता मी तुम्हाला आपल्या जिल्ह्यात आणतो, कारण हीच युक्ती आपल्याकडे कलकत्त्याच्या सहाशे वर्षं आधी एका बाईला माहीत होती. गंगाखेडची जनाबाई. गोदावरीकाठी जन्मली, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली, तेराव्या-चौदाव्या शतकातली गोष्ट. तिच्या नावावरचे अभंग तीनशेच्या वर आहेत आणि त्यातल्या कितीतरींच्या शेवटी ती स्वतःची ओळख सांगते, नामयाची दासी, किंवा नुसतं जनी. याला नाममुद्रा म्हणतात. सगळे संत करत होते, पुढे शाहीर करू लागले, पठ्ठे बापूरावांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत सगळ्यांची नावं गाण्याच्या पोटात आहेत. छापखाना नाही, लेबल नाही, गाणं तोंडोतोंडी जाणार. मग नाव बाहेर लिहून उपयोग काय? ते आतच शिवून टाकायचं, पदराला गाठ मारतात तसं.

पण एक लक्षात घ्या. नाममुद्रा हा मालकीचा शिक्का नव्हता. नामदेवांच्या गाथेत त्यांच्यानंतर बऱ्याच काळाने झालेल्या विष्णुदास नामा नावाच्या कवीच्या रचना मिसळून गेल्या आहेत, अभ्यासक अजून वेगळ्या करतात. म्हणजे एकाच नावाखाली अनेक जण गायले. आजच्या भाषेत याला खोटं अकाउंट म्हणतील. तेव्हा लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि जनाबाईचे अभंग लिहून कोणी घेतले, तर परंपरा सांगते की खुद्द पांडुरंगाने. तो तिला दळूही लागायचा. म्हणजे समोर बसून खुंटा ओढायचा आणि नंतर गाणंही उतरवून घ्यायचा. असा रेकॉर्डिस्ट मलाही मिळाला असता तर तीन वर्षं लागली नसती.

परत तबकडीकडे येतो. १९०२ नंतर गाणं ही दुकानात मिळणारी वस्तू झाली आणि वस्तूवर कोणाचं तरी नाव लागतंच. पण कोणाचं लावायचं हे कंपनी ठरवायची. १९४९ चा 'महल' चित्रपट घ्या. त्यातलं जे गाणं देशभर गाजलं ते गायलं लता मंगेशकरांनी, आणि तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र, मधुबालाने केलेलं. रेडिओवर लोकांची पत्रं यायला लागली की ही कामिनी कोण, मग कुठे खरं नाव बाहेर आलं. गंमत बघा, याच लताबाईंनी पुढे मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते मुद्दाम 'आनंदघन' हे नाव घेऊन. स्वतःचं नाव झाकायचं तर ते स्वतः झाकणं वेगळं आणि दुसऱ्याने झाकणं वेगळं.

मोठ्या गायिकेची ही अवस्था, तर मागे झील धरणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी एक शब्द तयार झाला, 'आणि पार्टी'. अमुक आणि पार्टी, तमुक आणि साथीदार. तबकडीवर, नंतर कॅसेटवर, अजूनही जागरण-गोंधळाच्या बॅनरवर हेच असतं. संबळ वाजवणारा, तुणतुणं धरणारा, सगळे त्या एका शब्दात बसवले.

आपला भाग या सगळ्यापासून बराच लांब होता. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि तबकड्यांचा मराठी बाजार मुंबई-पुण्याचा. आपल्याकडे आवाज पकडणारं पहिलं मोठं यंत्र आलं ते १९६८ साली, परभणी आकाशवाणी सुरू झाली तेव्हा. तुमच्या आजोबांना विचारा, मीडियम वेव्हवर १३०५ चा आकडा त्यांच्या बोटांना पाठ असेल. आमच्या घरी रेडिओच्या काट्याखाली खडूची खूण होती. केंद्रामुळे खेड्यातले भजनी, गोंधळी, भारूडवाले पहिल्यांदा माईकसमोर बसले आणि निवेदकाच्या तोंडून गावासकट त्यांचं नाव गेलं. आमच्या मायला अजून आठवतं, शेजारच्या गावच्या भजनी मंडळाचं नाव लागलं होतं तेव्हा लोक रेडिओभोवती उभे राहिले होते.

मग १९८० नंतर कॅसेट. तबकडीचा कारखाना टाकायला मोठी कंपनी लागायची, कॅसेट छापायला एक खोली पुरायची. त्यामुळे जे लोक मोठ्या कंपन्यांच्या यादीत कधी आलेच नसते ते आले. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे, भीमगीतं, कव्वाल्या, लग्नाची गाणी. स्वतंत्र कलाकार हा शब्द आपण आज मिरवतो, पण मराठीत त्याची वाट या कॅसेटवाल्यांनी पाडली. मात्र त्याच काळात दुसऱ्याचं गाणं नवीन आवाजात गाऊन स्वस्तात विकायचा धंदाही जोरात चालला. कॅसेटच्या आतल्या कागदावर गीतकाराचं नाव इतक्या बारीक अक्षरात असायचं की असून नसल्यासारखं, आणि पुष्कळ ठिकाणी नुसतं लिहिलेलं असायचं, 'पारंपरिक'.

हा 'पारंपरिक' शब्द मला फार दिवस बरा वाटायचा. नम्र वाटतो ना? मी काही केलं नाही, परंपरेने केलं. आता तेवढा बरा वाटत नाही, आणि त्याला कारण एक आफ्रिकेतलं गाणं आहे.

'द लायन किंग' बघितलाय सगळ्यांनी. त्यातलं सिंहाच्या झोपेचं गाणं डोळ्यासमोर आणा. ती चाल सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाची. १९३९ मध्ये जोहान्सबर्गला त्याने आपल्या गटाबरोबर ती रेकॉर्ड केली आणि हक्क दहा शिलिंगांना गेले. तबकडी अमेरिकेत पोचली, तिथल्या गायकांनी ती आफ्रिकेतलं लोकगीत समजून उचलली, आणि कर्ता म्हणून लागलं एक बनावट नाव. पुढे इंग्रजी शब्द आले, चाल जगभर गेली. लिंडा १९६२ साली गरिबीत गेला. त्याच्या मुलींना न्याय मिळायला २००६ उजाडलं, तेव्हा तडजोड झाली. हे सगळं कशामुळे शक्य झालं? लोकगीत आहे म्हटलं की कर्ता शोधावा लागत नाही, म्हणून. शोधायला कोणी गेलं असतं तर तो जोहान्सबर्गमध्ये जिवंत होता.

म्हणजे माझ्यासमोर दोन बटणं होती आणि दोन्ही नकोशी. माझं नाव टाकलं तर चोरी. 'पारंपरिक' टाकलं तर आजी, तिची सासू, मावशी, सगळ्या 'आणि पार्टी'.

कायद्यात उत्तर सापडेल म्हणून तेही वाचलं. थोडक्यात सांगतो, कंटाळू नका. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. गीताचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. २०१२ साली एक मोठी दुरुस्ती झाली, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते. गीतकार-संगीतकाराने गाणं सिनेमावाल्याला दिलं तरी त्याचा रॉयल्टीचा वाटा सुटत नाही, अशी सोय झाली. चांगलं झालं. माझ्यासारख्याला त्याचा उद्या उपयोग होईल. पण मोजणी सुरू होते ती कर्ता मेल्यापासून. ओवीचा कर्ता कधी मेला? पहिली ओळ एकीची, दुसरी दुसरीची, भावाचं नाव प्रत्येक घरात बदललेलं, आणि दळण संपेस्तोवर नवीन भर पडतेच आहे. कायदा एका माणसाची वाट बघत दारात उभा आहे आणि आत बायांचा घोळका.

तुम्ही म्हणाल, मग फुकट आहे ना, कर की वापर. वापर करायला हरकत नाहीच. ओवीवर कोणाचा हक्क उरत नाही, पण मी केलेल्या रेकॉर्डिंगवर माझा हक्क लागतो. खरी भीती याच्या पुढची आहे आणि ती मी स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी मी जनाबाईचा एक अभंग, आमच्या गावच्या भजनी मंडळात म्हणतात त्या चालीत, गाऊन यूट्यूबवर टाकला. दोन दिवसांत नोटीस आली की हे गाणं एका म्युझिक लेबलचं आहे आणि जाहिरातीचे पैसे त्यांना जातील. कोणाचं लेबल ते जाऊ द्या. त्यांच्या एका गायकाने तीच चाल गायली होती. कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आवाजाचे ठसे जुळवून बघते, तिला सातशे वर्षं कळत नाहीत, आधी कोणी फाइल जमा केली तेवढं कळतं. मी दाद मागितली, महिनाभराने दावा सुटला. पैशाचं म्हणाल तर बुडाले असतील बारा-पंधरा रुपये. पण महिनाभर मी गंगाखेडच्या बाईचा अभंग परभणीत बसून चोरल्याचा आरोपी होतो.

आणि आता त्या फॉर्ममध्ये खाली एक चौकोन होता. कंटेंट आयडी सुरू करायचं का? टिचकी मारली की उद्या पूर्णा किंवा पालमला एखादी पोरगी आपल्या आजीची हीच ओवी टाकेल आणि नोटीस तिला माझ्या नावाने जाईल.

त्या रात्री मला ताडकळस आठवलं. परभणीचे असाल तर गाव माहीत आहे, पूर्णा तालुक्यातलं. तिथल्या गंगुबाई अंबोरे. १९८० च्या दशकापासून पुण्यातल्या संस्थेतून गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली होती. गी जन्माने फ्रेंच, पण इथलेच झालेले. कार्यकर्ते खेड्यापाड्यांत जायचे, बायांजवळ बसायचे, हाताने वहीत उतरवायचे. हजारावर गावं, तीन हजारांवर बाया, एक लाखाच्या वर ओव्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं, १२० तासांहून जास्त. १९९६ मध्ये ताडकळसला गंगुबाईंचा आवाज त्या टेपवर आला. आज तो पारी या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतो. त्यांच्या एका ओवीत सीता वनात रडते आहे आणि तिची समजूत काढायला बोरी-बाभळीच बाया होऊन पुढे येतात. आपल्या माळावरच्या बोरी-बाभळी, ज्यांचे काटे आपण पायातून काढत मोठे झालो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बसस्टँडवर होतो, बस गेली.

पण मी परत तिथं गेलो ते आवाजासाठी नाही. त्यांनी नाव कसं लिहिलंय ते बघायला गेलो. प्रत्येक गाण्याखाली गायिका, गाव, तालुका, जिल्हा, ध्वनिमुद्रणाची तारीख. कवयित्री असा रकानाच नाही. म्हटलं कोणी ते आहे. रचलं कोणी हा प्रश्न विचारलेलाच नाही, कारण तो चुकीचा आहे हे त्यांना बायांजवळ बसून कळलं होतं. आणि तरी कोणीही 'आणि पार्टी'त गेलेलं नाही. एकच ओवी दोन गावांत दोघींनी म्हटली तर दोघींची दोन नावं.

मग मी फॉर्म असा भरला. गायिका म्हणून आजी आणि मावशी, दोघींची नावं माझ्या आधी. गीतकाराच्या रकान्यात पहिलं नाव 'जात्यावरची', आडनाव 'ओवी'. हसू नका, फॉर्मने घेतलं. शिवाय माझं नाव, कारण शेवटच्या दोन ओव्या मी घातल्या आहेत आणि ते लपवणंही खोटंच झालं असतं. कंटेंट आयडीचा चौकोन रिकामा. आणि वर्णनात लिहिलं की ही ओवी कोणी कोणाकडून ऐकली, कुठल्या गावात, कुठल्या साली, काय दळताना.

संपलं असं वाटलं आणि मावशीचाच फोन आला. "आजीचं नाव कोणतं टाकलंस?"

कागदावरचं, रेशन कार्डावर होतं ते.

"ते सासरचं हाय. लग्नात बदलेलं."

मला हे माहीतच नव्हतं. पस्तीस वर्षांचा झालो, आजीला माहेरी दुसऱ्याच नावाने हाक मारायचे हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आणि ४७ सेकंदांत जी दीड ओवी आहे ती माहेराची आहे. भाऊ न्यायला येतो, वाटेत नदी आहे, तिथेच मेमरी संपली.

आता दोन्ही नावं टाकली आहेत, आधी माहेरचं. इथे सांगत नाही, मावशीची अट आहे की आधी रेकॉर्ड येऊ दे, गावात ऐकू दे, मग तुझ्या मोबाईलवाल्यांना सांग.

येत्या शुक्रवारी येईल. पाचवं गाणं हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला जी घरघर आहे ती शेजारच्या गिरणीची नाही. मास्टरिंग करणाऱ्या मित्राने दोनदा विचारलं होतं, काढून टाकू का म्हणून.